लेख (‘सी-टू प्रोफिशियन्सी’ परीक्षेतील लेखनप्रकार)

केंब्रिजतर्फे घेतल्या जाणाऱ्या ‘सी-टू प्रोफिशियन्सी’ या इंग्रजीच्या सर्वोच्च पातळीवरील परीक्षेत लेखनाच्या प्रश्नपत्रिकेचा दुसरा भाग ऐच्छिक असतो आणि त्यातील पर्यायांपैकी एक म्हणजे नियतकालिकासाठी लिहावयाचा लेख होय. प्रश्नपत्रिका दीड तासाची असते. पहिल्या भागात दोन उताऱ्यांतील मुद्द्यांचा परामर्श घेणारा २४० ते २८० शब्दांचा निबंध सक्तीचा असून, दुसऱ्या भागात लेख, पत्र, अहवाल किंवा परीक्षण यांपैकी एकच २८० ते ३२० शब्दांत लिहावयाचे असते. दोन्ही भागांना समान गुण असतात.

ही परीक्षा १९१३ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी बसलेले तिन्ही परीक्षार्थी अनुत्तीर्ण झाले. सुमारे बारा तासांच्या त्या परीक्षेत भाषांतर, व्याकरण व ध्वनिशास्त्र यांबरोबर दोन तासांचा एक निबंधही होता आणि त्याच्या विषयांत इंग्रज कवी व समीक्षक मॅथ्यू आर्नल्ड, एलिझाबेथकालीन प्रवास यांच्या जोडीला १८५७ चा उठाव हाही एक विषय, अर्थातच ‘इंडियन म्युटिनी’ या इंग्रजांच्या नावाने, दिलेला होता. निबंध कोणासाठी लिहावयाचा, याचा त्यात उल्लेख नसे. परीक्षार्थीची बहुश्रुतता व भाषा एकत्रच तपासली जाई. आजच्या लेखाच्या प्रश्नात मात्र विषयाबरोबर नियतकालिकाचे स्वरूपही सांगितलेले असते, त्यामुळे आपला वाचक कोण हे ठरवूनच लेखणी हाती घ्यावी लागते.

लेख आणि निबंध यांतील खरा फरक येथेच आहे. निबंधाचा वाचक तो शेवटपर्यंत वाचणार हे गृहीत धरलेले असते. लेखाचा वाचक पान उलटून पुढे जाऊ शकतो. म्हणून लेखाला शीर्षक असते, त्यात लेखकाचा स्वतःचा सूर ऐकू येतो, वाचकाला थेट उद्देशून बोलता येते आणि किस्सा, विनोद किंवा उपरोध यांनाही जागा मिळते. अर्थात प्रश्नात विचारलेल्या प्रत्येक मुद्द्याचे उत्तर देणे बंधनकारक असतेच; रंगतदार पण अपुऱ्या लेखाचे गुण कमी होतात.

समजा, एका प्रवासविषयक मासिकाला रोजच्या प्रवासाच्या जुन्या साधनांवर लेख हवे आहेत. साधनाचे वर्णन करावे, त्याचा वापर का घटत आहे ते सांगावे आणि ते टिकवावे की नाही याविषयी मत द्यावे, असा प्रश्न आहे. पणजीच्या परीक्षार्थीने ‘वाहतूक हा आधुनिक जीवनाचा अविभाज्य घटक आहे’ अशी सुरुवात केली, तर व्याकरण निर्दोष असूनही मासिकाच्या वाचकाला पुढे वाचण्याचे कारण उरत नाही. त्याऐवजी मांडवी नदीपलीकडच्या बेतीच्या धक्क्याला लागणाऱ्या फेरीबोटीचे लोखंडी फळके पुरते टेकण्याआधीच पुढे सरसावणारा स्कूटरवाला त्याने पहिल्या वाक्यात आणला, तर मांडवीवर पूल असताना ही माणसे बोटीसाठी का थांबतात, हा प्रश्न वाचकाच्याच मनात उभा राहतो आणि कारणमीमांसेकडे वळण्यासाठी वेगळी प्रस्तावना करावी लागत नाही. असा तपशील एकदोन वाक्यांत आटोपावा लागतो, कारण तीनशे शब्दांत वर्णन, कारणे आणि मत हे सर्व बसवावयाचे असते.

गुणांकन आशय, संवादपरिणाम, रचना आणि भाषा या चार निकषांवर होते व प्रत्येक निकषाला शून्य ते पाच गुण असतात. लेखाची खरी कसोटी दुसऱ्या निकषावर लागते : प्रकाराचे संकेत पाळून, गुंतागुंतीचे विचार मांडतानाही वाचकाचे लक्ष सहज टिकवून ठेवले आहे काय, हे त्यात पाहिले जाते. पाठ केलेले वाक्प्रचार ठासून भरणे ही शिकवणी वर्गांत बोकाळलेली युक्ती येथे उलटते, कारण दोन ओळींत तीन वाक्प्रचार आले की लेखकाचा सूर हरवतो. ओळीने विचारलेल्या पोकळ प्रश्नांचेही तसेच आहे. सुविचाराने आरंभ आणि उपदेशाने शेवट करण्याची आपल्याकडील शालेय निबंधाची सवय या प्रकारात विशेष अडचणीची ठरते. ब्रिटिश किंवा अमेरिकन, कोणतीही वर्णलेखनपद्धती (स्पेलिंग) चालते, मात्र ती आरंभापासून अखेरपर्यंत एकच ठेवावी लागते.

केंब्रिजच्याच खालच्या पातळ्यांवरील परीक्षांत हा प्रकार सरसकट आढळत नाही. ‘बी-टू फर्स्ट’ परीक्षेत १४० ते १९० शब्दांचा लेख विचारला जातो. ‘सी-वन ॲडव्हान्स्ड’मधून मात्र २०१५ च्या फेररचनेत लेख वगळण्यात आला, त्यामुळे त्या परीक्षेच्या त्यापूर्वीच्या सरावपुस्तकांत दिसणारे लेखाचे प्रश्न आज तिच्या तयारीला लागू पडत नाहीत.