धातुशोधकाचे संकेतवाचन

धातुशोधक यंत्र म्हणजेच मेटल डिटेक्टर वापरताना ऐकू येणारा सूर, पडद्यावरचा आकडा आणि कॉइलच्या (जमिनीवरून फिरवायच्या, तारेचे वेटोळे असलेल्या चकतीच्या) हालचालीबरोबर दोन्हींत होणारा बदल यांवरून जमिनीतील वस्तू काय असावी याचा अंदाज बांधणे व तिथे खणायचे की पुढे जायचे हे ठरवणे, याला संकेतवाचन म्हणतात. यंत्राला वस्तू दिसत नाही. चुंबकीय क्षेत्राला मिळालेला प्रतिसाद तेवढा ते मोजते. तो प्रतिसाद कशाचा, याचे उत्तर शोधणाऱ्यालाच द्यावे लागते आणि खणून पाहीपर्यंत ते अंदाजच राहते.

छंद म्हणून वापरली जाणारी बहुतेक यंत्रे साधारण ३ ते ३० किलोहर्ट्झ कंप्रतेवर चालतात. कॉइलमधून सोडलेल्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत आवर्त प्रवाह निर्माण होतात. त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षेत्र ग्राही कॉइलपर्यंत पोहोचते, पण मूळ लहरीच्या तुलनेत थोडे मागे पडून. या मागे पडण्याला कलांतर म्हणतात. वस्तू जितकी चांगली वाहक व जितकी जाड, तितके कलांतर जास्त आणि पडद्यावरचा आकडा मोठा. लोखंड चुंबकीय असल्यामुळे त्याचा प्रतिसाद वेगळ्या बाजूला झुकतो. म्हणून त्याला आकड्यांच्या पट्टीच्या तळाचे, काही यंत्रांत ऋण आकडे दिलेले असतात. पट्टी प्रत्येक उत्पादकाची निराळी असते. एका यंत्रावरचे पाठ आकडे दुसऱ्यावर उपयोगी पडत नाहीत.

आकडा धातूचे नाव सांगत नाही, ही गोष्ट नवशिक्यांच्या सर्वांत उशिरा लक्षात येते. धातूची वाहकता, वस्तूचा आकार, जाडी आणि जमिनीतील ठेवण या सगळ्यांचा तो एकत्रित परिणाम असतो. शुद्ध सोने उत्तम वाहक आहे, पण दागिन्यांतील सोने मिश्रधातूचे असते आणि अंगठी बारीक असते. त्यामुळे सोन्याच्या अंगठ्या ॲल्युमिनियमच्या वर्खापासून शीतपेयाच्या डब्याच्या ओढकडीपर्यंतच्या (डबा उघडताना ओढायच्या कडीपर्यंतच्या) पट्ट्यात कुठेही सापडतात. तांब्यात निकेल मिसळलेली नाणी तांबे अधिक असूनही खालचा आकडा देतात, कारण मिश्रणाने वाहकता फार घटते. चांदीची जाड नाणी पट्टीच्या वरच्या टोकाला जातात, पण चेपलेला ॲल्युमिनियमचा डबाही तिथेच जातो. अंगठी अखंड असेल तर प्रवाहाला पूर्ण वळसा मिळतो व संकेत ठळक येतो. तीच तुटलेली असेल तर फिका. बारीक साखळी तर यंत्राला सुट्या कड्यांसारखीच भासते आणि बऱ्याचदा हुकते. ओढकडीचे आकडे वगळणाऱ्याने त्यांबरोबर काही सोनेही वगळलेले असते. या अडचणीवर कोणत्याही यंत्रात पूर्ण उपाय नाही.

संकेत खरा आणि अर्थ चुकीचा, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १८८१ सालचे आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी प्रवर्तनावर चालणारे उपकरण आणले. उपकरणाला प्रतिसाद मिळाला, पण तो एका ठिकाणी नेमका होईना. गादीतील पोलादी स्प्रिंगांनी गोंधळ घातला असे त्याचे कारण दिले जाते. शिवाय डॉक्टरांनी शोध शरीराच्या उजव्या बाजूपुरताच ठेवला होता आणि शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला निघाली. आजूबाजूला कोणता धातू आहे आणि आपण कुठे शोधतो आहोत, हे दोन्ही प्रश्न आजही आकड्याच्या आधी विचारावे लागतात.

प्रत्यक्षात आकड्यापेक्षा कानाला अधिक कळते. नाण्यासारखी गोल, अलोह वस्तू कॉइल डावीकडून नेली काय, उजवीकडून नेली काय, सारखाच आणि कडा स्वच्छ असलेला सूर देते. मग त्या जागेभोवती नव्वद अंश फिरून पुन्हा कॉइल फिरवतात. सूर टिकला आणि आकडा दोन-तीन अंकांतच हलला, तर खणणे सार्थ ठरण्याची शक्यता चांगली. एका दिशेने गोड व दुसऱ्या दिशेने करकरीत वाजणारा संकेत बहुधा खिळ्याचा असतो. मात्र कडेवर उभे असलेले नाणे किंवा खिळ्याशेजारी पडलेले नाणे अगदी असेच वाजते, त्यामुळे जुन्या वस्तीच्या जागी या नियमावर फार विसंबू नये.

लोखंडाची फसवणूक वेगळीच. वाकलेला खिळा, वॉशर, सपाट पत्रा आणि विशेषतः बाटलीचे पोलादी झाकण यांत आवर्त प्रवाह इतके जोरदार वाहतात की यंत्र त्यांना चांगल्या वाहकांत बसवते. मोठे लोखंडही वरचे आकडे दाखवते. अशा वेळी कॉइल थोडी थोडी मागे ओढून वस्तू तिच्या टोकाखाली आणतात. झाकण असेल तर सूर बहुधा तिथे तुटतो आणि लोखंडाचा खर्ज मिसळतो. कॉइल हळूहळू वर उचलूनही पाहतात. लहान वस्तूचा संकेत चटकन विरतो, मोठ्या वस्तूचा बराच वर येतो. पडद्यावरची खोली नाण्याएवढी वस्तू गृहीत धरून काढलेली असते, म्हणून मोठा पत्रा आहे त्यापेक्षा उथळ दिसतो.

खोली वाढली की सगळेच अंदाज सैल होतात. वस्तू लहान आणि अंतर कॉइलच्या मानाने मोठे असेल, तर संकेत अंतराच्या सहाव्या घाताने घटतो: अंतर दुप्पट, तर संकेत सुमारे चौसष्टावा हिस्सा. मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजे असलेल्या मातीचा स्वतःचा प्रतिसाद त्या क्षीण संकेतापेक्षा कितीतरी मोठा असतो. ग्राउंड बॅलन्स करून तो वजा केला, तरी खोल वस्तूचा आकडा भरकटतो, पुष्कळदा लोखंडाकडे. म्हणून क्षीण, पण प्रत्येक फेरीत त्याच जागी उमटणारा संकेत आकडा वाईट असला तरी खणावा, असे माझे मत आहे. ठळक व डगमगत्या आकड्याचा संकेत मात्र खुशाल सोडावा.

निर्णयाची दुसरी बाजू म्हणजे चुकीची किंमत. पुळणीच्या मऊ वाळूत एक खड्डा क्षणात होतो, तिथे जवळपास सगळेच खणणे परवडते. स्पंद प्रवर्तनावर (पल्स इंडक्शन, म्हणजे प्रवाहाचे तुटक झटके सोडण्याच्या पद्धतीवर) चालणारी यंत्रे ओल्या खारट वाळूत चांगली चालतात, पण त्यांची धातू वेगळे करण्याची क्षमता तोकडी असल्यामुळे तिथे सगळे खणण्याची पद्धत आहेच. हिरवळीवर किंवा उभ्या पिकाजवळ हात आखडता घ्यावा लागतो. सुरुंग काढताना तर वगळण्याचा प्रश्नच नसतो: प्रत्येक संकेत धोक्याचा धरून तपासतात. जुन्या युद्धभूमीवरचे मोठे लोखंडी संकेत न फुटलेल्या तोफगोळ्याचे असू शकतात. तिथे फावडे खाली ठेवून प्रशासनाला कळवणे एवढेच योग्य.

पुरातत्त्वात तर लोखंड हाच पुरावा असू शकतो. अमेरिकेचे सैन्य आणि तिथल्या मूळ रहिवासी जमातींचे योद्धे १८७६ मध्ये जिथे लढले, त्या लिटल बिगहॉर्नच्या रणांगणावर १९८३ च्या वणव्यानंतर पुरातत्त्वज्ञ डग्लस स्कॉट व रिचर्ड फॉक्स यांनी १९८४ पासून केलेल्या पाहणीत डिटेक्टरने दाखवलेल्या जागांवर छोटे झेंडे रोवले गेले, मग वस्तूंची जागा नकाशावर नोंदवली गेली. काडतुसांच्या पुंगळ्या कुठे पडल्या यावरून सैनिक आणि योद्धे कसे सरकले हे मांडता आले. वस्तू जागेवरून उचलून नेली की ही माहिती नष्ट होते. म्हणून संरक्षित स्थळी संकेत कितीही चांगला असला तरी विनापरवानगी खणू नये.

खणून वस्तू निघाली तरी वाचन संपत नाही. जवळच्या लोखंडाखाली दुसरी वस्तू झाकलेली असू शकते. वरचा खिळा काढल्यावर तिचा सूर प्रथमच मोकळा होतो. त्यामुळे खड्डा बुजवण्याआधी त्यावरून आणि काढलेल्या मातीवरून कॉइल पुन्हा एकदा फिरवतात.