ऊलाँग चहा : शैली व आस्वाद

ऊलाँग चहा : तोडलेल्या पानांचे ऑक्सिडीभवन सुरू होऊ देऊन ते मध्येच थांबवून तयार केलेला चहा. हिरवा, काळा व ऊलाँग हे सर्व चहा कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच वनस्पतीच्या पानांपासून होतात. फरक पडतो तो तोडणीनंतरच्या काही तासांत. ‘वूलोंग’ या चिनी शब्दाचा अर्थ ‘काळा ड्रॅगन’. चिनी चहातज्ज्ञ चेन च्वान यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या चहाच्या सहा वर्गांच्या योजनेत ऊलाँगला ‘छिंगछा’ (निळसर-हिरवा चहा) हा स्वतंत्र वर्ग दिला आहे. चीनमधील फूज्यान व ग्वांगडोंग हे प्रांत आणि तैवान ही त्याची मुख्य क्षेत्रे होत.

हिरव्या व काळ्या चहाच्या ‘मधला’ चहा, ही ऊलाँगची रूढ ओळख चुकीची नसली तरी अपुरी आहे. त्याचे ऑक्सिडीभवन ढोबळमानाने ८ ते ८० टक्के सांगितले जाते; पण कपातली चव एवढ्या एका आकड्यावर ठरत नाही. झुडपाची जात आणि शेवटची भाजणी यांचा वाटा तितकाच मोठा असतो. कमी ऑक्सिडीभूत पण कडक भाजलेला चहा आणि जास्त ऑक्सिडीभूत पण न भाजलेला चहा रंगाने सारखे दिसू शकतात. चवीत मात्र त्यांचे साम्य फारसे नसते. ऊलाँगची तुलना करताना होणाऱ्या बहुतेक गफलतींचे मूळ इथे आहे.

उगम : ऊलाँगचा उगम वादग्रस्त आहे. एका मताप्रमाणे त्याची परंपरा फूज्यानमधील बेइयुआन येथे सुंग राजवटीच्या काळात होणाऱ्या राजनजराण्याच्या चहापर्यंत मागे जाते. ‘काळा ड्रॅगन’ हे नावही त्या काळच्या ड्रॅगनछाप वड्यांवरून आले असावे, असे हे मत मानणारे म्हणतात. परंतु तो चहा पाने वाफवून, कुटून व साच्यात दाबून केलेला असे; मिंग सम्राटाने १३९१ मध्ये अशा वड्यांचा नजराणा बंद केला. पाने हलवून त्यांच्या कडा दुखावण्याची जी क्रिया ऊलाँगचा प्राण आहे, ती त्या पद्धतीत बसत नाही. नावातील साम्यावर एवढी भिस्त ठेवता येत नाही.

दुसरे मत दक्षिण फूज्यानमधील आनशी परगण्याचे. तेथे एका शिकाऱ्याची कथा सांगतात : पाने तोडून परतताना तो हरणामागे धावला, पाठीवरच्या टोपलीत पाने आपटत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो पानांच्या कडा लालसर झालेल्या व त्यांना वेगळाच सुवास सुटलेला. कथेचे व शिकाऱ्याच्या नावाचे अनेक पाठ आहेत. इतिहास म्हणून ती स्वीकारणे कठीण. मात्र पाने आपटण्याने काय होते हे तिने अचूक टिपले आहे, एवढे खरे.

तिसरे मत उत्तर फूज्यानमधील वूयी पर्वताचे. लेखी पुराव्याच्या दृष्टीने ते अधिक भक्कम वाटते. लू तिंगत्सान यांच्या १७३४ च्या सुमाराच्या चहाविषयक संकलनात वांग त्साओतांग यांचा उतारा आहे. पाने तोडून पसरावीत, पसरल्यावर हलवावीत, सुवास उसळताच कढईत परतावीत. उशीर नको आणि घाईही नको, असे त्यात म्हटले आहे. असा चहा उकळत्या पाण्यात घातला की पान अर्धे हिरवे, अर्धे लाल दिसते. हिरवा रंग परतण्याचा व लाल रंग शेकण्याचा, असे स्पष्टीकरण वांग देतात. लाल कडा शेकण्याने नव्हे तर ऑक्सिडीभवनाने येते हे आज माहीत आहे. पण लेखकाचे कारण चुकले असले तरी निरीक्षण बिनचूक आहे, आणि म्हणूनच ते प्रत्यक्ष पाहून केलेले वाटते. हा उतारा १८ व्या शतकाच्या सुरुवातीचा धरल्यास, निदान तोवर वूयीत ऊलाँगची पद्धत प्रस्थापित झाली होती असे म्हणता येते.

प्रक्रिया : पाने प्रथम उन्हात, मग सावलीत कोमेजवतात. त्यानंतरची क्रिया कौशल्याची. बांबूच्या रुंद परड्यांत पाने पाखडल्यासारखी घोळवतात, थोडा वेळ निवांत ठेवतात, पुन्हा घोळवतात. हा क्रम रात्रभरही चालतो. घोळवण्याने पानांच्या कडांवरील पेशी फुटतात व पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे एंझाइम कॅटेचिनांच्या (पानांतील तुरट द्रव्यांच्या) संपर्कात येते. कडा तांबूस होतात, मधला भाग हिरवा राहतो. कारागीर याला ‘लाल काठाचे हिरवे पान’ म्हणतात, आणि ‘तीन भाग लाल, सात भाग हिरवे’ हे जुने माप आहे. या बदलाला सर्रास ‘किण्वन’ म्हटले जाते. पण त्यात सूक्ष्मजीवांचा संबंध नसल्याने तो शब्द टाळणे बरे.

सुवासाची गोष्ट याहून रंजक आहे. तोडलेले पान काही तास जिवंतच असते आणि वारंवार बसणाऱ्या धक्क्यांना ते प्रतिसाद देते. नेरोलिडॉल, इंडोल यांसारखी फुलांचा वास देणारी संयुगे या काळात पानात साठत जातात. ऊलाँगमध्ये दरवळणारा मोगऱ्यासारखा किंवा ऑर्किडसारखा वास बाहेरून घातलेल्या फुलांचा नसतो. सुवास इच्छित टप्प्यावर आला की पाने तापलेल्या कढईत वा पिंपात टाकून एंझाइमे निष्क्रिय करतात. या पायरीचे चिनी नाव ‘शाछिंग’, म्हणजे ‘हिरवेपणा मारणे’. मग वळणे, वाळवणे व भाजणे. वूयी व ग्वांगडोंगमध्ये पाने लांब पीळदार ठेवतात. आनशी व मध्य तैवानमध्ये ती कापडात आवळून पुन्हा पुन्हा मळतात, त्यामुळे त्यांच्या घट्ट गोळ्या होतात.

प्रमुख शैली : वूयीचा ‘खडकावरचा चहा’ कोळशाच्या मंद आचेवर अनेकदा भाजतात. श्वेशियन व रोउग्वे या जाती सर्वाधिक पिकतात. रोउग्वेत दालचिनीसारखी तिखट झाक असते. दा होंग पाओ हे नाव सर्वांत प्रसिद्ध. च्यूलोंगख येथील कड्यावरच्या त्याच्या सहा मूळ झुडपांची तोडणी २००६ पासून बंद आहे. बाजारातील दा होंग पाओ कलमी झुडपांचा किंवा अनेक जातींच्या मिश्रणाचा असतो, आणि मिश्रण म्हणजे भेसळ नव्हे. या चहाची खूण म्हणून सांगितले जाणारे ‘यानयुन’ (खडकाचा ठसा) खडकांतील खनिजांतून थेट येते, हे म्हणणे आकर्षक असले तरी त्यातून माती, सावली, जात व भाजणी यांचे वाटे वेगळे काढणे अवघड आहे.

आनशीच्या तिएग्वानयिन या चहाच्या जन्माच्याही दोन कथा आहेत, एक वेइ घराण्याची व दुसरी वांग घराण्याची. दोन्ही १८ व्या शतकाच्या पूर्वार्धातल्या. आस्वादकाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की या एका नावाखाली आज दोन अगदी भिन्न चहा मिळतात : पारंपरिक, भाजलेला, सोनेरी-तांबूस ‘नोंगश्यांग’ आणि अलीकडच्या दशकांत फोफावलेला, जेमतेम ऑक्सिडीभूत, हिरवट ‘छिंगश्यांग’.

ग्वांगडोंगमधील चाओझोउजवळच्या फंगह्वांग पर्वतावरील दानत्सोंग म्हणजे ‘एकेक झुडूप’. निवडक झाडांची पाने वेगळी तोडून वेगळी तयार करण्याच्या रीतीवरून हे नाव पडले. येथील जातींची नावे वासावरून आहेत, उदाहरणार्थ मीलानश्यांग (मध व ऑर्किड). हा चहा उतावळा आहे. पाण्यात थोडा जास्त वेळ राहिला की कडू होतो.

तैवानमध्ये बाओझोंग सर्वांत हलका व पीळदार, तर डोंगडिंग मध्यम ऑक्सिडीभूत व भाजलेला. समुद्रसपाटीपासून १,००० मीटरच्या वर पिकणाऱ्या चहाला ‘उंच डोंगराचा चहा’ म्हणतात. अलीशान व लीशान ही त्याची ठळक नावे. जिनश्वान या १९८१ च्या जातीला दुधासारखा सौम्य वास असतो. ज्या ‘दूध ऊलाँग’चे पाकीट उघडताच गोड वास अंगावर येतो, त्याला बहुधा वरून वास लावलेला असतो. शिनचू भागातील ‘पूर्वेची सुंदरी’ हा निराळाच प्रकार. उन्हाळ्यात एक लहान हिरवा तुडतुडा कोवळी पाने शोषतो, आणि झुडपाने स्वसंरक्षणासाठी निर्माण केलेल्या टर्पीन संयुगांतून मधासारखा, पिकल्या फळासारखा वास येतो. कीड पडलेले पान कारागिराने टाकून न देता जपले, हे या चहाचे वैशिष्ट्य.

आस्वाद व तुलना : युआन मेई या कवी व खवय्याला वूयी चहा आधी औषधासारखा कडू वाटे. १७८६ मध्ये वूयी पर्वतावर गेल्यावर तेथील भिक्षू व ताओपंथी साधकांनी त्याला अक्रोडाएवढ्या पेल्यांतून तो पाजला. आधी वास घेऊन, मग घोट जिभेवर हळूहळू चघळून पाहिल्यावर त्याचे मत पालटले. १७९२ च्या आपल्या पाककृतिग्रंथात तो म्हणतो की याच्यापुढे लोंगजिंग हा हिरवा चहा स्वच्छ पण पातळ वाटतो, आणि तीन वेळा पाणी घातले तरी याची चव संपत नाही. दोन चहांचे गुण हिरावून न घेता त्यांचा भेद सांगण्यासाठी त्याने जेड व स्फटिक यांची उपमा दिली. तुलनेचा इतका समंजस नमुना विरळा.

चिनी राष्ट्रीय मानकातील परीक्षणपद्धतीही तीन पाण्यांचीच आहे : ११० मिलि.च्या झाकणाच्या वाडग्यात (गायवान) ५ ग्रॅम पाने, उकळते पाणी, आणि अनुक्रमे २, ३ व ५ मिनिटे. तैवानमधील स्पर्धांत ३ ग्रॅम पानांवर १५० मिलि. उकळते पाणी घालून पाच-सहा मिनिटे ठेवतात. इतका वेळ पिण्यासाठी सोयीचा नाही; दोष लपू नये यासाठी तो आहे. गोंगफू पद्धतीत याउलट पाने पुष्कळ, भांडे लहान आणि पाणी काही सेकंदांचे, त्यामुळे एकाच पानाचे सात-आठ टप्पे चाखता येतात.

तुलनेसाठी पाने वजनावर घ्यावीत, चमच्यावर नव्हे : मळलेल्या गोळ्यांचा एक चमचा पीळदार पानांच्या एका चमच्यापेक्षा कितीतरी जड असतो. भांडी एकसारख्या चिनी मातीची असावीत; यीशिंग या चिनी गावच्या भांड्यांच्या सच्छिद्र मातीत आधीच्या चहाचा वास मुरतो. एका वेळी एकच घटक बदलणे सर्वांत बोधप्रद, जसे एकाच जातीचा भाजलेला व न भाजलेला चहा शेजारी ठेवणे. ताज्या भाजणीनंतर काही महिने चहात ‘आगीचा वास’ राहतो. तो निवण्यापूर्वी वूयी चहाचा निकाल लावू नये.

वाडग्याच्या झाकणाचा वास गरम, कोमट व गार असा तीनदा घ्यावा. गरम असताना भाजणी बोलते, कोमट झाल्यावर फुले, आणि गार झाकणाला जो वास चिकटून राहतो तोच बहुधा पानाचा स्वतःचा. घोटानंतर घशात मागाहून येणाऱ्या गोडीला ‘ह्वेइगान’ म्हणतात. तुरटपणा तिच्यात विरघळतो की नुसताच जिभेवर बसतो, हे पाहावे. शेवटी चोथा पाण्यात सोडून पाहावा. अलीशानची गोळी उलगडते तेव्हा देठासकट दोन-तीन अख्खी पाने हाती येतात. नीट केलेल्या डोंगडिंगच्या पानाला तांबूस काठ असतो. छिंगश्यांग तिएग्वानयिनच्या पानांना काठच नसतो, कारण लाल कडा कारखान्यातच झाडून टाकतात.

इतर क्षेत्रे : उत्तर थायलंडमधील दोई माए सालोंग येथे तैवानी जाती लावल्या जातात. दार्जिलिंगमधील काही मळेही ऊलाँग करतात.