प्रायमर : प्लॅस्टिक स्केल मॉडेलसाठी निवड

विमाने, रणगाडे, जहाजे, मोटारी यांच्या प्लॅस्टिकच्या छोट्या प्रतिकृती जोडून झाल्या की रंगकामाआधी त्यांच्यावर जो पातळ, सहसा मॅट थर देतात, तो प्रायमर. वरचा रंग धरून ठेवणे हे त्याचे पहिले काम. करडे प्लॅस्टिक, पांढरी पुट्टी, पितळी पत्र्याचे सुटे भाग यांचा ठिगळ्या-ठिगळ्यांचा देखावा एकरंगी करणे हे दुसरे. आणि जोडकामातल्या चुका उघड्या पाडणे हे तिसरे. हात सरावलेला मॉडेलकार यातले तिसरे काम सर्वांत मोलाचे मानतो. नुसत्या प्लॅस्टिकवर न दिसलेली सांध्याची रेघ, पॉलिश पेपरचे ओरखडे, साच्यात प्लॅस्टिक आक्रसल्याने पडलेला खळगा, सगळे एका करड्या हाताखाली लख्ख दिसू लागते. म्हणून प्रायमर निवडताना तो चिकटतो किती, याइतकाच तो घासता येतो का हा प्रश्न महत्त्वाचा असतो. डब्यावरची जाहिरात याबद्दल फारसे बोलत नाही.

बहुतेक संच पॉलिस्टायरीनचे असतात. हे प्लॅस्टिक गुळगुळीत असते आणि पाणी मुळीच शोषत नाही. त्यावर साच्यातून भाग सुटावा म्हणून वापरलेल्या द्रव्याचा अंश आणि हाताळणाऱ्याच्या बोटांचा तेलकटपणा राहिलेला असतो. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि जुना टूथब्रश एवढ्यावर हे निघते. न धुतलेल्या मॉडेलवर कितीही महागडा प्रायमर मारला तरी त्याचे पोपडे निघू शकतात.

प्रायमर लागतोच का, यावर मॉडेलकारांत जुना वाद आहे. त्याचे मूळ रंगांच्या बदललेल्या जातीत आहे. १९१९ मध्ये इंग्लंडमधील हल येथे सुरू झालेल्या हंबर ऑइल कंपनीचे हंब्रोल एनॅमल (तेलयुक्त, सावकाश वाळणारे) रंग अनेक दशके या छंदात सर्रास वापरले गेले. एनॅमल उघड्या पॉलिस्टायरीनवर बऱ्यापैकी बसतो. लॅकर, म्हणजे जहाल थिनरमध्ये मिसळलेला चटकन वाळणारा रंग; त्यातला थिनर तर प्लॅस्टिकचा वरचा पापुद्रा किंचित विरघळवून त्यात रुततो. त्यामुळे त्या पिढीतले कित्येक जण प्रायमरशिवायच रंगवत आणि त्यांचे काही अडत नसे. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग रुळले तेव्हा चित्र पालटले. ते प्लॅस्टिकवर नुसते पसरून वाळतात, आत शिरत नाहीत. मास्किंग टेप उचलताना पंखावरचा रंग टेपसोबत सालपटासारखा निघून आला, की प्रायमरची गरज वेगळी समजावून सांगावी लागत नाही. थोडक्यात, वर लॅकर मारायचा असेल आणि जोडकाम स्वच्छ असेल तर प्रायमर टाळता येतो. वर पाण्याचा ॲक्रिलिक असेल तर टाळू नये.

लॅकर प्रायमर

स्केल मॉडेलसाठी सर्वांत भरवशाचा प्रकार हाच. जपानच्या जीएसआय क्रेओस कंपनीचा मिस्टर सर्फेसर आणि तामियाचा सर्फेस प्रायमर ही त्यातली ठळक नावे. मिस्टर सर्फेसर ५००, १०००, १२०० आणि १५०० अशा क्रमांकांत मिळतो. पॉलिश पेपरप्रमाणे आकडा वाढेल तसा थर बारीक होतो. ५०० हा खरे तर ब्रशने लावायची पातळ पुट्टीच आहे. तो सांध्यातल्या फटी भरतो, पण तो अख्ख्या मॉडेलवर फवारला तर खरखरीत पृष्ठभागाशिवाय काही हाती लागणार नाही. १००० ओरखडे झाकतो. १२०० आणि १५०० हे अखेरच्या गुळगुळीत थरासाठी. बाटली उघडल्यावर तळाशी घट्ट साका बसलेला दिसतो; तो काडीने खरवडून पूर्ण ढवळल्याशिवाय वापरू नये. एअरब्रशसाठी, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या छोट्या यंत्रासाठी, त्यात लॅकर थिनर निदान तेवढाच घालतात, पुष्कळदा त्याहून जास्त. सावकाश उडणारा लेव्हलिंग थिनर वापरला तर थर सपाट बसायला वेळ मिळतो.

लॅकर प्रायमरचा खरा गुण कळतो तो घासताना. विमानाच्या पंखाचा आणि धडाचा सांधा भरून प्रायमर दिला आणि तरी बारीक रेघ उरली, तर अर्ध्या-एक तासात तेवढीच जागा ८०० किंवा १००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासता येते. प्रायमरची भुकटी होते, कडा विरत जातात, आणि दुसरा हात मारल्यावर दुरुस्ती कुठे केली ते सापडत नाही.

दोष एकच, पण मोठा : त्याच्या वाफा. बंद खोलीत हे काम करूच नये. हवा बाहेर टाकणारा पंखा आणि सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर दोन्ही हवेत. साधा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. थिनर आणि स्प्रे कॅनमधला वायू दोन्ही ज्वलनशील असल्याने जवळपास ज्योत किंवा तापलेला हीटर नको.

पाण्याचे प्रायमर

व्हायेहोचा सर्फेस प्रायमर आणि बॅजरचा स्टायनिलरेझ हे ॲक्रिलिक-पॉलियुरेथेन प्रायमर आहेत. वास नगण्य, साफसफाई सोपी, त्यामुळे घरातल्या घरात काम करणाऱ्याला हेच परवडतात. मात्र हे प्लॅस्टिकात रुतत नाहीत; मॉडेलभोवती ताणून बसलेली एक कातडी तयार करतात. कातडी अखंड आहे तोवर ती चिवट असते. अर्धवट वाळलेली असताना घासली तर भुकटी न होता रबरासारख्या वळ्या सुटतात आणि कड उचकटते. तिथे केलेली दुरुस्ती कायम डोळ्यांत खुपते. हाताला कोरडा लागला म्हणून प्रायमर तयार झाला असे नाही. निदान एक दिवस, शक्य तर त्याहून जास्त थांबावे. एअरब्रशमधल्या सुईच्या टोकावर तो वाळत राहतो आणि एअरब्रश थुंकू लागतो, म्हणून ०.४ मिमी किंवा मोठे नोझल आणि लॅकरपेक्षा थोडा जास्त दाब सोयीचा पडतो. नुसत्या पाण्याने फार पातळ केला तर प्रायमर प्लॅस्टिकवर थेंबाथेंबाने गोळा होतो. त्याच कंपनीचा थिनर वापरलेला बरा. हवेशीर जागा आणि रेस्पिरेटर यांची सोय असेल, तर हा प्रकार निवडायला फारसे कारण उरत नाही.

मोटारीच्या दुरुस्तीसाठीचे स्प्रे प्रायमर स्वस्त असतात आणि अनेकांना ते वापरण्याचा मोह होतो. काही चालतात, काहींतला जहाल थिनर पॉलिस्टायरीन मऊ करून त्यावर सुरकुत्या आणि तडे पाडतो. आधी भाग जोडून येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीवर, म्हणजे स्प्रूवर, मारून पाहावा. जाडीचा प्रश्न तरीही उरतोच. १/७२ प्रमाणात ०.०५ मिमीचा थर म्हणजे खऱ्या विमानावर ३.६ मिमी जाडीचा लेप. पत्र्यांच्या जोडांच्या बारीक रेघा आणि रिव्हेट त्याखाली बुजून जातात. मोटारीच्या १/२४ मॉडेलवर जे खपून जाते ते छोट्या विमानावर खपत नाही.

रंगाची निवड

दोष शोधायला करड्यासारखा रंग नाही; पांढऱ्यावर आणि काळ्यावर ओरखडे लपतात. पिवळा, लाल, नारिंगी हे रंग कमी झाकणारे. ते करड्यावर मळकट दिसतात, म्हणून त्यांच्याखाली पांढरा द्यावा किंवा तामिया विकते तसा गुलाबी. काळ्या प्रायमरवर वरचा रंग पातळ, असमान थरांत चढवून उन्हापावसात विटल्याचा भास साधता येतो. आरशासारखा चकाकणारा धातूचा रंग, उदाहरणार्थ ॲल्क्लॅडचा क्रोम, हवा असेल तर खाली तुकतुकीत काळा थर लागतो आणि त्या थरात धुळीचा कणही चालत नाही. खालचा पृष्ठभाग जसा, तसाच धातू दिसतो.

काही वेळा प्रायमर स्वतःच चित्राचा भाग होतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्यांना कारखान्यात तांबूस तपकिरी प्रायमर देत असत. त्यामुळे मॉडेलवर रंगाचे टवके उडालेले दाखवताना खाली तोच रंग असणे योग्य ठरते. त्या काळातल्या अमेरिकी विमानांच्या ॲल्युमिनियमवर पिवळसर-हिरवट झिंक क्रोमेट प्रायमर असे.

इतर साहित्य

कोरीव पितळी भागांवर साधा प्रायमर नखाने खरवडला तरी निघतो. त्यांना आधी मिस्टर मेटल प्रायमरसारखा धातूसाठीचा पारदर्शक प्रायमर लावतात. रेझिनच्या भागांवर साच्याचे द्रव्य भरपूर असते, ते नीट धुतले की लॅकर प्रायमर चांगला बसतो. त्रिमितीय छपाईचे भाग अतिनील प्रकाशात पूर्ण पक्के झालेले असावेत, नाहीतर चिकटपणा प्रायमरमधून वर येतो. मऊ व्हिनाइलचे टायर आणि रणगाड्याचे पट्टे यांतले प्लास्टिसायझर, म्हणजे प्लॅस्टिक मऊ ठेवणारे द्रव्य, काही लॅकर-एनॅमल थरांना महिनोन्‌महिने चिकट ठेवते. तिथे पाण्याचा प्रायमरच बरा. गंडमसारख्या (जपानी कार्टूनमधले यंत्रमानव) हलत्या सांध्यांच्या मॉडेलांत सांधा फिरतो त्या घासत्या जागा टेपने झाकून ठेवाव्यात. तिथला थर पहिल्याच हालचालीत खरवडला जातो आणि खुंटी जाड झाल्याने भाग फुटण्याचीही भीती असते.

प्रत्यक्ष काम

एअरब्रशमध्ये लॅकरसाठी १५ ते २० पीएसआय दाब पुरतो. कॅन असेल तर तो कोमट पाण्यात काही मिनिटे ठेवून मग हलवावा. फवारा बारीक पडतो. कॅनला उकळते पाणी किंवा ज्योत कधीही दाखवू नये. कॅनचे अंतर १५ ते २५ सेंमी. फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून पलीकडे बाहेरच थांबवायचा, म्हणजे सुरुवातीचे थेंब मॉडेलवर पडत नाहीत. पहिला हात इतका विरळ द्यावा की प्लॅस्टिक अजून दिसत राहील. फार लांबून मारले तर कण वाटेतच वाळून पृष्ठभाग खरखरीत होतो, फार जवळून मारले तर ओघळ येतात. हवा दमट असेल तर लॅकरवर पांढुरकी झाक चढते. अशा दिवशी थांबलेले चांगले.

विमानाच्या पारदर्शक काचेच्या चौकटीवर मात्र क्रम बदलतो. काच टेपने झाकल्यावर आधी कॉकपिटच्या आतला रंग मारतात, मग प्रायमर आणि शेवटी बाहेरचा रंग. आतून पाहिले की चौकटीवर करडा प्रायमर दिसत नाही, आतलाच रंग दिसतो.