जलसंजीवनी

जुलाबात शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार तोंडावाटे भरून काढण्यासाठी पाण्यात विरघळवून द्यायचे ग्लुकोज व क्षारांचे मिश्रण. दवाखान्यात आणि औषधाच्या दुकानात ते ‘ओआरएस’ या नावाने मिळते. क्षारसंजीवनी असेही म्हणतात. जलसंजीवनीने जुलाब लगेच थांबत नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. दोन पेले पाजूनही पोरगं संडासला जातंच आहे म्हणून कित्येक घरांत ती बंद होते, आणि धोका तिथेच सुरू होतो. जुलाबात जीव जातो तो बहुतेक वेळा अंगातले पाणी आटल्यामुळे. ते आटू न देणे हेच तिचे काम.

मोठ्या माणसाच्या पचनमार्गात दिवसाकाठी सुमारे ९ लिटर द्रव उतरतो. त्यातला जेमतेम २ लिटर खाण्यापिण्यातून येतो. बाकी लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा पाझर. यातला बहुतेक भाग लहान आतडे परत शोषून घेते, उरलेला मोठे आतडे, आणि शौचावाटे १०० ते २०० मिलिलिटरच पाणी बाहेर पडते. हा जमाखर्च बिघडला की जुलाब. दिवसात तीन किंवा अधिक वेळा पातळ शौच झाली तर तिला अतिसार म्हणतात. मात्र अंगावर पिणाऱ्या बाळाची शी मुळातच पातळ आणि वारंवार असते, तो आजार नव्हे.

पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, हा बिघाड सर्वांत भयंकर रूपात दिसतो. तांदळाच्या धुवणासारखे पाणी लिटरच्या हिशेबाने जाते आणि धडधाकट माणूस काही तासांत गळून पडतो. महाराष्ट्रात गावोगाव मरीआईची ठाणी आहेत, ती याच साथीच्या भीतीची खूण. १९५९ मध्ये कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवून दिले, की हे काम जंतूने सोडलेल्या विषाचे आहे. त्या विषामुळे आतड्याच्या पेशींतून क्षार आणि पाणी सुटत राहते. पण पेशीची एक वाट विषापासून सुरक्षित राहते : सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेणारी. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही जोडी मांडली. जोडीमागोमाग पाणी आपसूक आत जाते. म्हणून जुलाबात नुसते पाणी किंवा नुसते मिठाचे पाणी पुरत नाही. मीठ आणि साखर दोन्ही लागतात, तीही मापात.

याची खरी कसोटी लागली १९७१ मध्ये. पूर्व पाकिस्तानातून (आजच्या बांगलादेशातून) आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा यांच्या पुड्या करवून घेतल्या, त्या पिंपांतल्या पाण्यात कालवल्या आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूंचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आले. शिकलेल्या हातांची वाट न पाहता आईच्या हाती उपचार सोपवणे, हे मला त्या शोधाइतकेच मोठे वाटते. महालनबिस २०२२ मध्ये वारले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रानुसार एक लिटरच्या पुडीत २०.५ ग्रॅम मिश्रण असते : ग्लुकोज १३.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९, मीठ २.६ आणि पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम. पुडी अर्धी टाकून अर्धी ठेवू नये. साखर वाढली तर आतडे उलट अंगातलेच पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. नावात ‘ओआरएस’ मिरवणारी गोड पेये म्हणूनच घातक. असे नाव वापरायला भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये मनाई केली. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चाखून पाहावे : डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागले तर ओतून द्यावे.

‘पोटाला आराम’ म्हणून खाणेपिणे तोडण्याची जुनी सवय मात्र अजून गेलेली नाही. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. मोठ्या मुलाला पेज, मऊ भात, वरणाचे पाणी, ताक द्यावे. मुलांना सोबत १० ते १४ दिवस झिंक देतात : रोज २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांखालच्या बाळाला १०.

बाळाची टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी येईना, लघवी कमी झाली, किंवा पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू बसू लागली, तर पाणी आटते आहे असे समजावे. मूल गुंगीत असेल, पीतच नसेल किंवा शौचात रक्त दिसले तर घरी थांबू नये. तिथे दवाखाना आणि प्रसंगी सलाईनच हवे.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर द्यावे, त्याहून मोठ्याला १०० ते २००. घटाघटा पाजले तर ओकते. ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने, दोन-तीन मिनिटांच्या अंतराने. कालवलेले पाणी झाकून ठेवावे आणि २४ तासांनी उरलेले टाकून नवे करावे.