मुंग्यांनी अडवलेला ठणका

कोपर दारावर आपटलं की आपण आधी ते खसाखसा चोळतो. चोळल्याने दुखापत बरी होत नाही, तरी कळ कमी होते. का, याचं उत्तर १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी सुचवलं. स्पर्शाची वर्दी जाड, वेगवान चेतातंतूंमधून मज्जारज्जूकडे धावते, तर मंद ठणक्याची वर्दी बारीक तंतूंमधून रेंगाळत येते. मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. स्पर्शाची गर्दी झाली की ते ठणक्यासाठी अर्धवट मिटतं. या सिद्धांताचे तपशील पुढे बरेच बदलले, पण गाभा टिकला.

फिजिओथेरपीतलं टेन्स मशीन हेच चोळणं विजेने करतं. दुखऱ्या जागेभोवती पॅड चिकटवतात आणि सेकंदाला साधारण ८० ते १०० सौम्य झटके देतात. मुंग्या येतात, ठणका मागे पडतो. कल्पना तशी फार जुनी. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस संधिवाताच्या रुग्णाला जिवंत विद्युत-माशावर पाय ठेवायला सांगायचा, तोही गुडघ्यापर्यंत बधिर होईस्तोवर! पॅड बरे म्हणायचे.

आयएफटी (इंटरफेरेन्शियल थेरपी) या विजेच्याच दुसऱ्या उपचारात चार पॅड फुलीसारखे लावतात. एका जोडीतून सेकंदाला ४००० आवर्तनांचा प्रवाह जातो, दुसरीतून ४१०० चा. इतक्या वेगवान प्रवाहाला त्वचा कमी अडवते. दोन्ही प्रवाह आत जिथे एकमेकांना छेदतात तिथे फरकाचे, म्हणजे १०० ठोके उमटतात. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की आवाज जसा हेलकावतो, तसंच.

मशीन बंद झालं की हा आराम बहुधा फार टिकत नाही. म्हणून तेवढ्या वेळात सांधा हलवून घ्यायचा असतो. शेक घेऊन थेट घरी निघणारा रुग्ण निम्मे उपचार टेबलावरच सोडून जातो, असं मला वाटतं.

माझा आवडता प्रकार मात्र मेणाचा. वितळलेलं पॅराफिन ५२ ते ५४ अंशांवर असतं. इतक्या गरम पाण्यात हात ठेववणार नाही. मेणात ठेवता येतो, कारण त्यातून उष्णता हळू वाहते आणि त्वचेला लागताच पहिला थर गोठून कवच बनतो. बोटं फाकवून हात आठ-दहा वेळा बुडवायचा, वर प्लास्टिकची पिशवी, त्यावर टॉवेल. पंधरा-वीस मिनिटांनी मेण हातमोज्यासारखं निघतं, आतल्या बाजूला बोटांच्या सुरकुत्या उमटलेल्या असतात. आखडलेली बोटं तेव्हा सैल असतात. मूठ मिटायची ती लगेच.

अल्ट्रासाउंडचा (तपासणीचा नव्हे, दुखण्यावरच्या उपचाराचा) दबदबा त्यामानाने जास्त आहे, पुरावा मात्र तोकडा. त्यात जेल लावतात, कारण मध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी ध्वनिलहरी तिथूनच परत फिरतात. बर्फाचं काम सरळ आहे: चेतातंतूंचा वेग मंदावतो, कळ बोथटते. कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं पुरे.

पेसमेकर असेल तर विजेचे उपचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर शेकाने भाजलेलंही कळत नाही. म्हणून शेक देण्याआधी एक साधी चाचणी करतात. डोळे मिटायला लावतात आणि दोन परीक्षानळ्या, एक कोमट पाण्याची, एक गार पाण्याची, आलटूनपालटून त्वचेला टेकवत विचारतात, ‘‘गरम की गार?’’ उत्तर चुकलं तर तिथे शेक देत नाहीत.