दारू न चढणं आणि दारू न लागणं, दोन्ही एक नाही

प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असतोच, चार पेग झाले तरी सरळ चालणारा, सगळ्यांचं बिल बरोबर भागणारा, वर "आपल्याला चढत नाही रे, वडलांचं पण असंच होतं" हे कौतुकाने सांगणारा. मग सगळे धरून चालतात की याला काय धाड भरलीये, व्यसन लागलं तर त्या अर्ध्या पेगात बरळणाऱ्याला लागेल.

गणित उलटं आहे. मार्क शुकिट या अमेरिकन सायकियाट्रिस्टने सॅन डिएगोत १९७८ पासून विशीतल्या पोरांना मोजून दारू दिली, काहींचे वडील व्यसनी, काहींचे नाही, आणि कोण किती डुलतो, कोणाला किती चढल्यासारखं वाटतं ते लिहून ठेवलं. साधारण १० वर्षांनी परत गाठलं तर व्यसनी वडलांच्या ज्या मुलांना कमी चढली होती त्यातले ५६ टक्के दारूच्या आहारी गेलेले, आणि वडील तसेच पण ज्यांना चांगलीच चढली होती त्यांच्यात १४ टक्के! शरीर "बास" म्हणतच नाही, त्यामुळे जिथे बाकीचे थांबतात तिथे हा दुसरी क्वार्टर मागवतो, पुढे कंपनीही तशीच जमते. वारशात थेट व्यसन येत नाही, हा कमी चढण्यासारखे धोका वाढवणारे गुण येतात. जुळ्यांच्या अभ्यासांवरून माणसामाणसातल्या धोक्याच्या फरकात जीन्सचा वाटा निम्म्याच्या आसपास निघतो, पण म्हणून तुमचा चान्स ५० टक्के असं होत नाही (हे व्हॉट्सॲपवर हमखास चुकीचं फिरतं).

खरंच अडवणारं जीन वेगळं. जपान, चीन, कोरियात बऱ्याच लोकांत एएलडीएच२ हे एन्झाइम नीट चालत नाही, त्यामुळे दारूपासून बनणारं ॲसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन साठतं, तोंड लालबुंद, छातीत धडधड, मळमळ. त्यांना व्यसन कमी लागतं. दारू सोडवायला देतात ती डायसल्फिरामची गोळी हेच एन्झाइम बंद पाडते. आपल्याकडे जीनमधला हा बदल क्वचितच सापडतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका.

आणि पूर्वी दोनात चढायची, आता पाच लागतात, हे तर जन्माचं नाहीच, ती शरीराला झालेली सवय. त्यात सकाळी हात थरथरत असतील तर परस्पर एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते, आधी डॉक्टरला दाखवा.