पट्टकृमी, डुकराचा (टीनिया सोलियम)

माणसाच्या लहान आतड्यात राहणारा चपटा, लांबलचक, खंडाखंडांचा परजीवी कृमी. पूर्ण वाढलेला कृमी निसर्गात फक्त माणसातच सापडतो, त्याची अळी मात्र मुख्यतः डुकराच्या स्नायूंत वाढते, म्हणून नाव डुकराचं पडलंय. ह्याच्यामुळे माणसाला दोन वेगळे संसर्ग होतात आणि त्यांची सरमिसळ इतकी सर्रास होते की ते आधीच वेगळे करून ठेवलेले बरे. पहिला टीनियासिस, म्हणजे आतड्यात कृमी असणं. हा अळ्या असलेलं आणि नीट न शिजलेलं डुकराचं मांस खाल्ल्यानं होतो आणि सहसा फारसा त्रास देत नाही. दुसरा सिस्टिसर्कोसिस, म्हणजे शरीरात अळीच्या गाठी होणं, आणि हा मांस खाऊन होतच नाही, तो होतो कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडलेली अंडी दुसऱ्याच्या (किंवा त्याच्या स्वतःच्याच) तोंडात गेल्यानं, मग ती न धुतलेल्या हातावरून जावोत, पाण्यातून जावोत की कच्च्या भाजीवरून. गाठी मेंदूत झाल्या की न्यूरोसिस्टिसर्कोसिस, आणि खरी भीती आहे ती ह्याचीच. आयुष्यात कधी मांस न खाल्लेल्या माणसाला हा आजार होतो तेव्हा घरच्यांना रिपोर्टच चुकलाय असं वाटतं, पण त्यात चमत्कारिक काही नाही.

रचना : लांबी साधारण 2 ते 4 मीटर, क्वचित त्याहून बरीच जास्त. डोकं टाचणीच्या टोकाएवढं, त्यावर चार चूषक आणि मधल्या उंचवट्यावर आकड्यांची (हुकांची) दुहेरी ओळ, आकडे 22 ते 32. गाईच्या मांसातून येणाऱ्या टीनिया सॅजिनाटाला आकडे नसतात, हा दोघांतला मोठा फरक, पण डोकं हाती लागणं अवघड असतं म्हणून प्रयोगशाळेत पिकलेल्या खंडातल्या गर्भाशयाच्या फांद्या मोजतात, सोलियममध्ये त्या साधारण 7 ते 13 आणि सॅजिनाटात जास्त. मधल्या संख्यांवर गफलत होऊ शकते. अंड्यांवरून मात्र दोन्ही जाती सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या ओळखताच येत नाहीत. एका पिकलेल्या खंडात 50,000 पर्यंत अंडी असू शकतात.

जीवनचक्र : डुकरानं माणसाची विष्ठा खाल्ली की अंडी त्याच्या पोटात फुटतात, सहा हुकांचा भ्रूण आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतो आणि स्नायूंत जाऊन दोनेक महिन्यांत पाण्यानं भरलेली, अर्धा ते एक सेंटीमीटरची गाठ बनतो, जिच्यात डोकं आतल्या बाजूला वळून बसलेलं असतं. ते मांस माणसानं कच्चं-पक्कं खाल्लं की डोकं बाहेर येतं, आतड्याला चिकटतं आणि सुमारे दोन महिन्यांनी खंड गळायला लागतात. कृमी किती वर्षं जगतो ह्यावर मतं वेगळी आहेत, जुन्या पुस्तकांत 25 वर्षं असा आकडा सरळ दिलेला असतो, पण अलीकडचे अभ्यासक पाच वर्षांच्या आतबाहेर धरतात आणि ते जास्त विश्वासार्ह वाटतं, कारण जुना आकडा तुरळक रुग्णांच्या सांगण्यावर उभा होता. माणसाच्या पोटात अंडी गेली तर डुकरात जे होतं तेच माणसात होतं. म्हणजे अळीच्या लेखी माणूस हे चुकून लागलेलं डुक्कर आहे आणि तिथून पुढं तिला वाट नाही.

उगम : हा कृमी माणसाला डुकराकडून आला, माणूस डुकरं पाळायला लागला तेव्हा, अशी समजूत बराच काळ होती आणि अजूनही वाचायला मिळते. 2001 मध्ये होबर्ग आणि सहकाऱ्यांनी टीनिया वंशातल्या जातींची वंशावळ मांडून हे चित्र उलटं केलं. त्यांच्या मते माणसाच्या पूर्वजांना हे कृमी आफ्रिकेत लागले, तेही सिंह-तरस अशा मांसभक्षकांबरोबर एकाच शिकारीवर, म्हणजे काळविटासारख्या प्राण्यांच्या मांसावर जगताना, आणि हे एकदा नाही, दोनदा स्वतंत्रपणे घडलं, एकदा सोलियमच्या बाबतीत आणि एकदा सॅजिनाटा आणि तिची जवळची नातलग जात टीनिया एशियाटिका ह्या जोडीच्या. त्या जोडीतल्या दोन जाती एकमेकींपासून साधारण 7.8 ते 17 लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या असाव्यात असा त्यांचा अंदाज. जनुकीय घड्याळावरचे (जनुकांतल्या बदलांच्या वेगावरून काढलेले) असे आकडे सैल असतात, मूळ गृहीतक जरा हललं की लाखो वर्षं इकडची तिकडं होतात, तेव्हा आकडा धरून बसण्यात अर्थ नाही. पण डुक्कर पाळीव झालं ते दहाएक हजार वर्षांपूर्वी, आणि आकडा कितीही ओढला तरी कृमी त्याच्या आधीचाच निघतो. म्हणजे डुकराला हा कृमी माणसानं दिला असं म्हणणं जास्त सयुक्तिक. सोलियमचा सगळ्यात जवळचा नातलग तरसाचा कृमी की अस्वलाचा ह्यावर पुढच्या अभ्यासांत मतभेद आहेत, आणि अस्वलवाल्यांचं खरं ठरलं तर आफ्रिकेची गोष्ट थोडी गुंतागुंतीची होईल, तरी डुकराआधी माणूस हा क्रम बहुधा टिकेल.

खुद्द सोलियमचे दोन वंशगट आहेत, एक आशियाई आणि दुसरा आफ्रिकी-अमेरिकी. मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीच्या ऊर्जाघरातल्या) जनुकांवरून ते काही लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले असावेत असं 2002 मध्ये नाकाओ आणि सहकाऱ्यांनी मांडलं. लॅटिन अमेरिकेत दुसरा गट पोचला तो सोळाव्या शतकापासून युरोपीय वसाहतवाल्यांनी नेलेल्या डुकरांबरोबर असं मानतात. आशियात त्वचेखालच्या गाठी जास्त दिसतात आणि लॅटिन अमेरिकेत कमी, हा फरक कृमीच्या गटामुळे की माणसांच्या प्रतिकारशक्तीमुळे हे ठरलेलं नाही.

लिखित पुरावा ह्या मानानं कालपरवाचा. डुकराच्या मांसातल्या गारांसारख्या गाठींचा उल्लेख ॲरिस्टॉटलनं केलाय, डुकराची जीभ बाहेर ओढून तपासायची रीतही ग्रीकांना माहीत होती. टॉलेमी काळाच्या उत्तरार्धातल्या, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकाच्या सुमाराच्या, एका इजिप्शियन ममीच्या जठराच्या भिंतीत अळीची गाठ सापडल्याचं 2006 मध्ये प्रसिद्ध झालं. डुकराचं मांस निषिद्ध ठरलं ते ह्या कृमीमुळेच असं हौसेनं सांगितलं जातं, त्याला पुरावा नाही.

प्रयोग : लिनीअसनं 1758 मध्ये जातीला नाव दिलं, पण गाठ आणि कृमी हे एकाच जिवाचे दोन अवतार आहेत हे कळायला जवळपास शंभर वर्षं गेली. 1784 मध्ये गोएत्से ह्या जर्मन अभ्यासकाला दोन्हींची डोकी सारखी दिसली होती. 1853 च्या सुमारास बेल्जियमच्या व्हान बेनेडेननं डुकराला अंडी चारून गाठी मिळवल्या. उरलेला अर्धा भाग 1855 मध्ये जर्मन डॉक्टर कुखेनमाइस्टरनं दाखवला, आणि तो कसा, तर देहदंड झालेल्या एका कैद्याला त्याच्या नकळत गाठी असलेलं मांस सूप-सॉसेजमधून खाऊ घालून, शवविच्छेदनात आतड्याला चिकटलेले कोवळे कृमी दाखवून. त्याच्याच काळातल्या लोकांनी ह्यावर कडक टीका केली होती आणि ती रास्त होती, निष्कर्ष बरोबर निघाला म्हणून त्या माणसाला न विचारता केलेला प्रयोग बरोबर ठरत नाही. ह्याच्या उलट 1930 च्या दशकात तैवानमध्ये योशिनो ह्या जपानी संशोधकानं स्वतःच गाठी गिळून खंड कधी पडतात ह्याची नोंद ठेवली.

अंडी पोटात जातात कशी ह्यातही एक जुना वाद आहे. आतड्यातले खंड उलट्या दिशेनं जठरात येतात आणि अंडी आतल्या आत फुटतात, असं अंतर्गत स्वसंसर्गाचं मत पाठ्यपुस्तकांत पिढ्यानपिढ्या छापलं गेलंय, पण ते सिद्ध झालेलं नाही. विष्ठेतून हात, हातातून तोंड ही साधी वाट सगळ्या निरीक्षणांना पुरते. न्यूरोसिस्टिसर्कोसिसच्या बऱ्याच रुग्णांच्या आतड्यात तपासणीच्या वेळी कृमी नसतो, मात्र घरात किंवा शेजारी कृमीवाहक सापडण्याची शक्यता बरीच असते. न्यूयॉर्कमधल्या एका सनातनी ज्यू वस्तीत 1990-91 मध्ये असे चार रुग्ण निघाले, जिथं डुकराचं मांस शिवतही नाहीत, आणि माग लागला तो घरकामासाठी लॅटिन अमेरिकेतून आलेल्या बायकांपर्यंत.

आजार : आतड्यातला कृमी बहुतेकदा गप्प असतो, फार तर पोटात दुखणं, मळमळ, विष्ठेत पांढरे तुकडे. मेंदूतली गाठही वर्षानुवर्षं गप्प बसते कारण जिवंत अळी शरीराच्या प्रतिकारशक्तीला दाबून ठेवते. ती मरायला लागली की भोवती सूज येते आणि फिट येते. भारतात राहून गेलेल्या ब्रिटिश सैनिकांमधल्या 450 रुग्णांचा अभ्यास डिक्सन आणि लिप्सकोंब यांनी 1961 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात संसर्ग आणि पहिली फिट ह्यांत सहसा काही वर्षांचं अंतर दिसलं, काहींत तर कितीतरी जास्त. गाठीचे चार टप्पे मानतात, पातळ पाण्याची जिवंत गाठ, गढूळ झालेली, दाणेदार आणि शेवटी चुन्याचा ठिपका, पण तो ठिपका निरुपद्रवी असतोच असं नाही, त्याच्याभोवती अधूनमधून सूज येऊन पुन्हा फिट येऊ शकते. मेंदूच्या पोकळ्यांत किंवा आवरणाखाली गाठी झाल्या तर मेंदूभोवतीच्या पाण्याचा मार्ग अडून डोक्यातला दाब वाढतो, हा प्रकार सगळ्यात धोक्याचा. डोळ्यातही गाठ होते. 1970 च्या दशकात पश्चिम न्यू गिनीच्या पानियाई सरोवरांच्या भागात बालीहून आणलेल्या डुकरांबरोबर हा कृमी पोचला आणि गंभीर भाजलेल्यांची संख्या एकदम वाढली, थंडीमुळे लोक विस्तवाजवळ झोपायचे आणि फिट येऊन त्यातच पडायचे.

जिथं हा कृमी मुळात पसरलेला आहे तिथल्या अपस्माराच्या साधारण 30 टक्के रुग्णांत कारण हेच असतं असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आणि न्यूरोसिस्टिसर्कोसिसच्या एकूण बाधितांचा अंदाज 25.6 ते 83 लाख इतका मोठ्या फरकाचा देते, कारण सीटी किंवा एमआरआय केल्याशिवाय निदान होत नाही आणि जिथं रुग्ण आहेत तिथं मशीन नाहीत.

निदान, उपचार : स्कॅनमध्ये गाठीच्या आत अळीच्या डोक्याचा ठिपका दिसला तर प्रश्नच मिटला. भारतात एकच छोटी गाठ हा प्रकार जास्त दिसतो, ती पूर्वी क्षयाची समजून महिनोन्‌महिने क्षयाची औषधं दिली जायची, 1980 च्या दशकाअखेरीपासून वेल्लोरच्या डॉक्टरांनी काढलेल्या गाठी तपासून त्यातल्या बऱ्याच ह्या अळीच्या असल्याचं दाखवलं. रक्ताची खात्रीची चाचणी 1989 मध्ये आली, पण नेमकी एकच गाठ असेल तर तीही अनेकदा निगेटिव्ह येते.

आतड्यातल्या कृमीला निक्लोसामाइड किंवा प्राझिक्वांटेल पुरतं. मेंदूतल्या गाठींसाठी अल्बेंडाझोल, गाठी दोनपेक्षा जास्त असतील तर जोडीला प्राझिक्वांटेल, आणि हे सगळं स्टिरॉइड व फिटच्या गोळ्यांच्या आडोशानं, कारण अळी झपाट्यानं मारली की सूज वाढते. म्हणूनच मेंदूला आधीच जास्त सूज असेल तर कृमिनाशक देत नाहीत, आणि डोळे तपासल्याशिवाय तर सुरूच करू नये. जंताची गोळी समजून स्वतःच्या मनानं हे औषध घेणं खरोखर जिवावर बेतू शकतं.

नियंत्रण : 1993 मध्येच हा आजार जगातून घालवता येण्याजोगा आहे असं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं ठरवलं, कारण आतड्यातला कृमी फक्त माणसात असतो आणि औषध स्वस्त आहे. शौचालय, मांसाची तपासणी, मांस आतपर्यंत शिजवणं हे तर आहेच, पण हे व्हायला दशकं लागतात. पेरूच्या तुंबेस भागात माणसांना औषध, डुकरांना ऑक्सफेंडाझोल हे कृमिनाशक आणि टीसॉल-18 ही लस असं एकत्र करून शेवटच्या टप्प्यात 107 पैकी 105 गावांत संक्रमण थांबवल्याचं 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. ही लस आता हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्समध्ये तयार होते. ती नवा संसर्ग रोखते, आधीच्या गाठी मारत नाही, त्या मारतं ऑक्सफेंडाझोल, म्हणून दोन्ही लागतात, आणि डुकरांची नवी पिढी सतत येत राहते म्हणून लसीकरण पुन्हा पुन्हा करावं लागतं.